तपकिरी रंगाची खात्री

नलिनी गायधनी मॅडमना चांगली बातमी सांगायला जायची आम्हाला भीती वाटायची. वाईट बातमी त्या शांतपणे ऐकायच्या. प्रयोग फसला, काचपट्टी फुटली, फ्रीज बंद पडून सगळं वितळलं, असं काही सांगितलं तर "बरं, पुन्हा करू" एवढंच म्हणायच्या. पण एखादा प्रयोग मनासारखा झाला आणि कोणी हसऱ्या चेहऱ्याने त्यांच्या टेबलापाशी गेलं, की चष्मा कपाळावर चढवून समोरच्याला बसायला सांगायच्या आणि विचारायच्या, "आणि हे खोटं असतं, तर कसं दिसलं असतं?" उत्तर देता आलं नाही तर माणूस आला तसा परत जायचा. बहुतेक जण परतच जायचे.

मी त्यांच्याकडे पीएचडीसाठी लागले तेव्हा रोज सिन्नरहून नाशिकला एसटीने ये-जा करत असे. गंगापूर रोडवरच्या एका संशोधन संस्थेत वरच्या मजल्यावर मॅडमच्या प्रयोगशाळेच्या दोन खोल्या होत्या. त्या प्रमुख, आणि आम्ही हाताखाली दोघं-तिघं. त्यांचा विषय तोंडाच्या कॅन्सरचा. तंबाखू खाणाऱ्यांच्या गालात आतल्या बाजूने पांढरे चट्टे येतात. त्यातले बरेचसे वर्षानुवर्षं तसेच राहतात, काहींचा मात्र पुढे कॅन्सर होतो. कुठल्या चट्ट्याचा होणार हे आधी कळलं, तर डॉक्टर तेवढाच वेळेत कापून काढतील आणि बाकीच्यांना उगाच सुरी लावणार नाहीत.

मॅडमनी बऱ्याच वर्षांपूर्वी असं दाखवलं होतं, की बिघडणाऱ्या चट्ट्यात एक ठरावीक प्रथिन वाढतं. ते डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी प्रतिपिंड लागतो. प्रयोगशाळेत सगळे त्याला अँटिबॉडीच म्हणतात. सशाच्या रक्तातून काढलेला हा पदार्थ परदेशातल्या कंपनीकडून बोटाच्या पेराएवढ्या नळीत येई. तो त्या एकाच प्रथिनाला ओळखतो आणि त्यालाच चिकटतो, असं कंपनीचं म्हणणं. चट्ट्याच्या तुकड्याचा पातळ काप काचपट्टीवर घ्यायचा, त्यावर प्रतिपिंड सोडायचा, आणि तो जिथे चिकटेल तिथे तपकिरी रंग उमटवायचा. रंग गडद, म्हणजे चट्टा धोक्याचा. माझा सगळा प्रबंध त्या तपकिरी रंगावर उभा होता.

मॅडमचं माहेर पंचवटीतलं. वडील रामकुंडावर तीर्थोपाध्याय होते. बाहेरगावहून आलेल्या माणसाला गाव, आडनाव, कुळ विचारून तो कुणाचा यजमान हे ठरवायचं, मगच त्याचा विधी करायचा, हे त्यांनी लहानपणापासून बघितलेलं. त्यामुळे त्यांच्या बोलण्यात प्रयोगशाळेच्या मधोमध एकदम रामकुंड यायचं. "वडील सांगायचे, घाटावर 'पाटील' म्हणून हाक मारली तर दहा जण वळून बघतात. वळून बघितलं म्हणून तो आपला यजमान होत नाही." आम्ही हसायचो. यात काही शिकण्यासारखं आहे असं तेव्हा वाटलं नव्हतं.

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे, त्या वर्षी आमचं सगळं बरं चाललं होतं. संस्थेच्या संचालकांनी एका कंपनीशी बोलणं करत आणलं होतं. आमच्या तपासणीचं किट बनवायचं, जिल्ह्या-जिल्ह्यात पाठवायचं. कराराचा छोटासा समारंभही ठरला होता. शहरातल्या एका रुग्णालयातले तोंडाच्या कॅन्सरचे सर्जन डॉ. बोरसे संशोधनात आमच्याबरोबर होते. चट्ट्यांचे तुकडे तेच पाठवायचे. नेहमीच्या तपासणीत नीट निर्णय होत नसेल अशा रुग्णाच्या बाबतीत ते आमचा रंगही विचारात घेऊ लागले होते. आमच्या रंगावरून कुणाच्या तरी तोंडाचं काय करायचं हे ठरतं आहे, याचा मला त्या दिवसांत अभिमानच वाटायचा.

मखमलाबादचे रामदास तिडके हे असेच एक रुग्ण. फुलशेती करणारे, पन्नाशीच्या आतबाहेरचे गृहस्थ. गालाच्या आत, जबड्याच्या हाडाला लागून चट्टा. नेहमीच्या तपासणीत काठावरचा निकाल आलेला. आमच्याकडे मात्र त्यांच्या तुकड्यात इतका गडद रंग आला, की डॉ. बोरशांनी मोठं ऑपरेशन करायचं ठरवलं. गालाचा भाग आणि त्याबरोबर खालच्या जबड्याच्या हाडाचा तुकडाही काढायचा. पुढच्या शुक्रवारची तारीख दिली.

ती काचपट्टी मी मॅडमना दाखवायला नेली. त्या सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ बघत राहिल्या. चट्टा बघून झाला तरी डोळा काढेनात. पट्टी सरकवत सरकवत कापाच्या अगदी तळाशी गेल्या.

"मनीषा, इथे स्नायूत रंग काय करतोय?"

मी बघितलं. चट्ट्याच्या खाली, जिथे ते प्रथिन असायचं काहीच कारण नाही, तिथेही फिकट तपकिरी छटा होती. मी म्हटलं, धुण्यात कमी पडलं असेल. त्यांनी पुन्हा करायला सांगितलं. मी दुप्पट वेळ धुऊन पुन्हा केलं. स्नायू पुन्हा तपकिरी. मग त्यांनी कपाटातल्या जुन्या पेट्या काढायला लावल्या. दुपारभर त्या एकेक पट्टी बघत बसल्या आणि मी शेजारी उभी. बऱ्याच पट्ट्यांत ती छटा होती. इतकी वर्षं सगळ्यांनीच ती बघितली होती आणि पार्श्वभूमीचा रंग म्हणून सोडून दिली होती. त्या सगळ्यांत मॅडमही होत्या.

संध्याकाळी त्यांनी संगणकावर एक मागणी नोंदवली. ब्लॉकिंग पेप्टाइड. मी हे नाव वाचलेलं होतं, पण आमच्याकडे ते कधी आणलेलं नव्हतं. त्यांनी मला समजावून सांगितलं ते अजून तसंच्या तसं आठवतं. प्रतिपिंड बनवताना सशाला अख्खं प्रथिन देत नाहीत, त्याचा एक लहानसा तुकडा देतात. तोच तुकडा विकतही मिळतो. काचपट्टीवर घालण्याआधी प्रतिपिंडात तो भरपूर मिसळायचा. "म्हणजे त्याचे हात आधीच भरून टाकायचे. भरल्या हातांनी तो दुसरं काही धरू शकत नाही. मग त्याला कापावर सोडायचा. रंग आला नाही, तर आधीचा रंग त्याच्या हातांचा होता. आणि हात भरलेले असूनही रंग आला, तर तो रंग दुसऱ्याच कुणाचा तरी आहे."

"आणि रंग गेला तर आपली खात्री झाली?" मी विचारलं.

"गेला तर आठ आणे," त्या म्हणाल्या. "त्या तुकड्यासारखंच दिसणारं दुसरं प्रथिनही असू शकतं, तेही सुटून जाईल. पण राहिला तर सोळा आणे. राहिला तर वाद संपला."

हे आधीच का केलं नाही, असं मी विचारायच्या आत त्यांनीच सांगितलं. कंपनीच्या पत्रकावर सुंदर चित्र होतं, त्यात पेप्टाइड घातल्यावर रंग गेलेला दिसत होता. "मी त्यांच्या चित्रावर विश्वास ठेवला. सगळ्यांना प्रश्न विचारले, स्वतःला हा एक विचारला नाही." एवढं बोलून त्या हात धुवायला गेल्या.

संचालकांना त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं, मी बरोबर होते. संचालक मनाने वाईट नव्हते. त्यांनी ती संस्था जवळजवळ एकट्याने उभी केली होती आणि त्या करारावर तिचं पुढचं सगळं अवलंबून होतं. ते म्हणाले, की तपासणी जरूर करा, पण करार होऊन जाऊ दे. एवढ्या वर्षांचं काम एका छटेवरून संशयात घालायचं नाही. मॅडम म्हणाल्या, करार कधीही होऊ दे, मला शुक्रवारची काळजी आहे. संचालकांना शुक्रवार म्हणजे काय ते कळलं नाही. मॅडमनी तिडक्यांचं सांगितलं. तेव्हा ते म्हणाले, "डॉक्टर त्यांचा निर्णय घ्यायला समर्थ आहेत, मॅडम."

त्याच दिवशी मॅडमनी डॉ. बोरशांना फोन करून शंका कळवली. त्यांनी विचारलं, शंका की निकाल? मॅडमना शंका म्हणावं लागलं. नुसत्या शंकेवर ऑपरेशन पुढे ढकललं आणि मध्ये चट्टा उलटला तर जबाबदार कोण, असं बोरसे म्हणाले, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. निकाल आणा, मी थांबतो.

त्यानंतरचे दिवस पेप्टाइडची वाट बघण्यात गेले. ते मुंबईच्या विमानतळावर अडकलं होतं. मॅडम सकाळी आल्या आल्या फोन लावायच्या, दुपारी पुन्हा लावायच्या. एरवी कुणावर आवाज न चढवणाऱ्या बाई फोनवर कस्टमच्या अधिकाऱ्याला चढ्या आवाजात समजावून सांगत होत्या, की ही औषधाची नळी नाही, स्फोटक नाही, हे चिमूटभर पांढरं चूर्ण आहे आणि मला ते आजच हवं आहे. सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी दुपारी कुरिअरवाला जिना चढून आला तेव्हा मॅडमनी स्वतः खोका फोडला. आत नळीच्या तळाशी काहीच नसल्यासारखं दिसत होतं. डोळ्याला जेमतेम दिसेल एवढी पांढरी पूड.

ती विरघळवली, निम्म्या प्रतिपिंडात मिसळली आणि दोन्ही नळ्या रात्रभर थंडीत ठेवल्या. निघताना मॅडमनी आणखी एक गोष्ट करायला लावली. विशेष कागदाच्या दोन पट्ट्यांवर पेप्टाइडचाच एकेक ठिपका देऊन त्या वाळत ठेवायच्या. कशाला, ते मला तेव्हा कळलं नाही.

गुरुवारी सकाळी मी पोचले तेव्हा मॅडम आधीच आलेल्या होत्या. तिडक्यांच्याच तुकड्याचे तीन काप घेतले. एकावर नेहमीचा प्रतिपिंड, दुसऱ्यावर हात भरलेला प्रतिपिंड, तिसऱ्यावर प्रतिपिंडच नाही. कागदाच्या पट्ट्यांपैकी एक नेहमीच्या प्रतिपिंडात बुडवली, एक हात भरलेल्या. मग धुणं, थांबणं, पुन्हा धुणं. दुपारी जेवणाचे डबे तसेच राहिले. शेवटी रंग उमटवणारा द्राव घालायची वेळ आली तेव्हा मॅडम म्हणाल्या, तू घाल, माझा हात नको. मी द्राव घातला.

मी मनातल्या मनात एकच मागत होते. दुसरी काचपट्टी कोरी राहू दे. माझा प्रबंध, घरच्यांना दिलेला शब्द, रोजची एसटी, सगळं त्या कोऱ्या पट्टीत होतं. तिसरी काचपट्टी स्वच्छ राहिली, म्हणजे रंग नुसत्या द्रावाचा नव्हता. पहिलीवर तपकिरी ढग उमटू लागला. दुसरी थोडा वेळ कोरी दिसली. मग तिच्यावरही तसाच ढग उमटला. अगदी पहिलीसारखा. चट्टाही, स्नायूही.

मी लगेच म्हटलं, पेप्टाइडच खराब असेल, इतके दिवस अडकून पडलं होतं. मॅडमनी कागदाच्या पट्ट्या माझ्यासमोर ठेवल्या. नेहमीच्या प्रतिपिंडाच्या पट्टीवर ठिपका ठळक उमटला होता. हात भरलेल्या प्रतिपिंडाच्या पट्टीवर काही नव्हतं. म्हणजे पेप्टाइड उत्तम होतं, त्याने हात नीट भरले होते. ज्या प्रतिपिंडाबद्दल आम्ही इतकी वर्षं बोलत होतो, तो पूर्णपणे गुंतलेला होता. आणि तरीही काप तपकिरी झाला होता. नळीत तो एकटा नव्हता. सशाच्या रक्तातून आलेला घोळका होता, आणि त्यातले भलतेच कुणी तरी हाकेला ओ देत होते.

मॅडम खुर्चीवर बसल्या. दोन्ही तळवे टेबलावर पालथे ठेवून हातांकडे बघत राहिल्या. त्या रडतील असं मला वाटलं. त्या उठल्या, पर्स घेतली आणि म्हणाल्या, "चल, बोरशांकडे."

जिन्यातच संचालकांचा फोन आला. त्यांना कुणीतरी कळवलं असावं. ते सोमवारपर्यंत थांबा म्हणत होते, प्रयोग पुन्हा करा, दुसऱ्या प्रयोगशाळेकडून करून घ्या, आजच कुणाला काही सांगू नका. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सोमवारपर्यंत त्या माणसाचा जबडा थांबणार नाही, सर." आणि फोन पर्समध्ये ठेवला.

डॉ. बोरसे बाह्यरुग्ण विभागात होते. आम्हाला बघताच त्यांनी समोरच्या रुग्णाला बाहेर बसायला सांगितलं. मॅडमनी तिन्ही पट्ट्या आणि कागद पुढे ठेवले आणि चार वाक्यांत निकाल सांगितला. बोरसे सातारा-पुण्याकडचे नव्हते, सटाण्याकडचे होते, गोड शब्दांत राग झाकण्याची त्यांना सवय नव्हती.

"हा रंग खरा आहे असं तुम्हीच मला सांगितलं होतंत."

"हो. मीच सांगितलं होतं."

"आणि मी ऑपरेशन केलं नाही, आणि सहा महिन्यांनी त्याला कॅन्सर झाला तर?"

"ती भीती खरी आहे, डॉक्टर. तो सुखरूप आहे असं मी म्हणत नाहीये. मला ते माहीत नाही. मी फक्त माझा रंग तुमच्या पारड्यातून काढून घेतेय. उरलेल्यावर तुम्ही ठरवा."

बोरशांनी तिन्ही पट्ट्या एकेक करून उजेडात धरून बघितल्या. त्या आधीच्या महिन्यांत आमच्या रंगाचा विचार करून त्यांनी आणखी कुणाचं ऑपरेशन केलं असेल, हा प्रश्न त्या खोलीत होता आणि आमच्यापैकी कुणीच तो उच्चारला नाही. नंतर मॅडमनी तो त्यांना विचारला. दोघांनी मिळून एकेक रुग्ण पुन्हा तपासला. इतरांची ऑपरेशनं आमच्या रंगाशिवायही करावीच लागली असती, असं निघालं. पण त्या दिवशी ते कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी बोरसे उठले. ऑपरेशन रद्द करतो, म्हणाले. पण रुग्णाला तुम्ही सांगायचं.

तिडके वॉर्डमध्ये खाटेवर बसले होते. दाढी-मिशी काढून टाकलेली, त्यामुळे चेहरा उघडा पडल्यासारखा दिसत होता. शेजारी स्टुलावर त्यांची बायको. मॅडमनी सोप्या भाषेत सांगितलं. आमची तपासणी चुकीची होती. तिच्यावरून तुमचं मोठं ऑपरेशन ठरलं होतं. ते आता होणार नाही. डॉक्टर पुन्हा बघतील आणि ठरवतील. चूक माझी आहे.

बायकोला आधी काहीच कळेना. गेले आठ-दहा दिवस त्या बाईने मनाची तयारी केली होती, आणि आता कोणी अनोळखी बाई येऊन ती मोडत होती. तिने मॅडमचा हात धरला आणि विचारलं, "मंग बाई, आजार हाय का नाय?"

मला वाटलं मॅडम म्हणतील, काळजी करू नका. कुणीही तेच म्हणालं असतं.

"मला ठाऊक नाही," मॅडम म्हणाल्या.

त्या बाईने हात सोडला आणि पदर तोंडाला लावून भिंतीकडे वळली. तिडके मात्र मॅडमकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं, "मंग आता जेवलं तर चालंल का? डाक्टरनी रात्रीपासून कायच खाऊ नको म्हून सांगितलंय." कोणीच हसलं नाही. मॅडम बाहेर गेल्या आणि नर्सला विचारून आल्या.

त्यांच्या चट्ट्याचा तुकडा मुंबईला दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवला. त्यांनी सौम्य बदल असल्याचं कळवलं. बोरशांनी तेवढा चट्टाच काढला, हाडाला हात लावला नाही. तिडक्यांनी तंबाखू सोडली, आणि दर काही महिन्यांनी तपासणीला यायचं ठरलं. दुसऱ्या वर्षी दुसऱ्या गालात नवा चट्टा आला, तोही काढला. त्या वेळी निकाल यायचा तो आठवडा मॅडम कुणाशी नीट बोलल्या नाहीत. तिडक्यांच्या प्रत्येक तपासणीला त्या जायच्या. डॉक्टर नव्हत्या, तिथे त्यांचं काही काम नव्हतं. बाकावर त्यांच्या बायकोशेजारी बसून राहायच्या. ती बाई पहिले काही वेळा त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. नंतर मखमलाबादच्या पाण्याचं, मुलीच्या लग्नाचं बोलू लागली. मॅडम ऐकायच्या.

मॅडमचा मूळ निबंध ज्या जुन्या नळ्यांवर झाला होता, त्यातला थोडासा साठा उरला होता, तोही आम्ही तसाच तपासला. तोही तसाच निघाला. मॅडमनी स्वतःहून आपला प्रसिद्ध झालेला निबंध मागे घेतला. करार बारगळला. संस्थेत लोक जिन्यात त्यांना बघून बोलणं थांबवायचे. एवढं उघड करायची काय गरज होती, हळूच दुसरा प्रतिपिंड आणून दुरुस्त करता आलं असतं, असं तोंडावर म्हणणारेही होते. वर्ष संपताना प्रमुखपद दुसऱ्यांकडे गेलं. मॅडमनी खिडकीशेजारचं टेबल घेतलं आणि काम चालू ठेवलं.

मी मात्र घरी बसले. मला त्यांचा राग आला होता आणि तो न्याय्य नाही हे कळूनही जात नव्हता. माझी तरुण वर्षं एका खोट्या रंगावर गेली होती. वडील काही बोलत नव्हते, पण सिन्नरच्याच एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत जागा आहे असं आईने दोनदा सुचवलं. एका रविवारी दारात मॅडम उभ्या. नाशिकच्या द्वारका चौकातून सिन्नरच्या जीपमध्ये माणसांत कोंबून आल्या होत्या, साडीची पार घडी मोडलेली. आईने भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं, त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतलं. आईशी बाजारभावावर बोलल्या, वडिलांशी एसटीच्या वेळांवर. माझ्या कामाचा विषयच काढेनात. शेवटी मीच अंगणात विचारलं, "मॅडम, माझं काय?"

"तुझ्याकडे एक खरी गोष्ट आहे, की तो रंग खोटा होता," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे इतक्या वर्षांत एकही नव्हती. तू ठरव तिचं काय करायचं. कारखान्यात गेलीस तरी मी नाराज होणार नाही."

मी पुढच्या आठवड्यात परत गेले. त्यांच्या बोलण्याने समाधान झालं म्हणून नाही. दारातून निघताना त्या उन्हात जीपसाठी उभ्या राहिल्या, आणि मला बाकी काही करण्यात अर्थ वाटेना म्हणून. तोंडाच्या कॅन्सरवर काम करणारे लोक जे प्रतिपिंड वापरतात, त्यातले कोणते खरे आणि कोणते खोटे, हे तपासण्यावर माझा नवा प्रबंध झाला. कुणाला आवडला नाही. अजून त्यावरून लोक मला रागावून लिहितात. मी आता पुण्यात एका संस्थेत शिकवते.

मॅडम जाऊन आता दीड वर्ष झालं. त्याच्या आदल्या वर्षी त्यांचा फोन आला, "एकदा नाशिकला ये. एक काचपट्टी बघायची आहे." मला वाटलं काही संशोधनाचं असेल. गेल्यावर कळलं, की काचपट्टी त्यांचीच होती. स्तनात गाठ निघाली होती. अहवालात म्हटलं होतं, की गाठीत हार्मोन पकडणारी प्रथिनं, म्हणजे रिसेप्टर, नाहीत, त्यामुळे हार्मोन अडवणाऱ्या गोळ्यांचा सोपा उपचार चालणार नाही, अवघडच घ्यावा लागेल. हे ठरवणारा रंगही प्रतिपिंडाचाच, तोच तपकिरी. मॅडमना ती पट्टी स्वतःच्या डोळ्यांनी बघायची होती.

तपासणी करणारा डॉक्टर तरुण होता. आधी थोडा रागावला, मग त्याने खुर्ची दिली. मॅडम सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या. मी दुसऱ्या भिंगातून बघत होते. गाठ नुसत्या पार्श्वभूमीच्या निळसर रंगात होती, तपकिरीचा ठिपकाही नाही. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी पट्टी सरकवली. गाठीच्या शेजारी त्यांच्याच शरीरातल्या निरोगी दूधनलिका होत्या, आणि त्या गडद, स्वच्छ तपकिरी झाल्या होत्या. जिथे यायला हवा तिथे रंग नेमका आला होता. प्रतिपिंड खरा होता, काम नीट झालं होतं. गाठीत रंग नव्हता, कारण गाठीत ती प्रथिनं खरंच नव्हती.

त्यांनी डोळा काढला आणि त्या मुलाला म्हणाल्या, "छान काम केलंत तुम्ही." तो गोंधळला. एवढा वाईट अहवाल दिल्याबद्दल त्याला कुणी शाबासकी दिली नसावी.

परत जाताना आम्ही रिक्षात बसलो. रविवार कारंजा चौकापर्यंत त्या बाहेरची दुकानं बघत होत्या. मग त्यांनी माझा हात हातात घेतला. त्यांचा हात बर्फासारखा गार पडला होता, आणि इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच त्यांना घाबरलेलं बघत होते.

"चला," त्या म्हणाल्या, "आता घाबरायला हरकत नाही."